मेंदूचे विकार, जनुकांची लिपी आणि डीप लर्निंग

माणसाच्या जनुकसंचात, म्हणजे जीनोममध्ये, सुमारे ३१० कोटी अक्षरे आहेत. मुळाक्षरे मात्र चारच : ए, सी, जी आणि टी. प्रथिने कशी घडवायची हे सांगणारा भाग त्यात जेमतेम दीड टक्का भरतो आणि तेवढ्यात सुमारे २०,००० जनुके मावतात. उरलेल्या मजकुरापैकी बऱ्याच भागाचा अर्थ अजून लागलेला नाही. मेंदूच्या आजारांशी निगडित म्हणून आजवर जे आनुवंशिक फरक सापडले, त्यांतले बहुतेक नेमके याच भागात आहेत. डीप लर्निंग म्हणजे संगणकाला नियम न सांगता उदाहरणांवरून शिकवण्याचे तंत्र. २०१५ च्या सुमारास ते या मजकुराच्या वाचनाला लावले गेले. त्यातून काही कोडी सुटली. काही ठिकाणी ते साफ चुकले आणि का चुकले हेही आता कळू लागले आहे.

प्रश्न कुठे अडतो हे समजण्यासाठी, तो जिथे अडला नाही असे एक उदाहरण आधी पाहावे लागते. मुंबईतील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये लहान मुलांच्या एका आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षातच बाळाचे डोके प्रमाणाबाहेर वाढते. पुढे काही वर्षांत चालताना तोल जाऊ लागतो, हातपाय ताठरतात, झटके येतात. एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग सुजलेला दिसतो. यांतली बहुतेक मुले अग्रवाल समाजातली होती. नेदरलँड्सच्या मार्यो व्हान डेर क्नाप यांनी १९९५ मध्ये हाच आजार स्वतंत्रपणे मांडला. २००१ मध्ये २२ व्या गुणसूत्रावरचे त्याचे जनुक सापडले आणि त्याला एमएलसी१ हे नाव मिळाले. अग्रवाल कुटुंबांतल्या रुग्णांत या जनुकात एकच दोष पुन्हा पुन्हा आढळला : एक सी अक्षर जास्तीचे.

एका जादा अक्षराने एवढे काय बिघडते? जनुकातली अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. ‘रमण गवत बघत बसत’ हे सगळे तीन अक्षरी शब्द. ‘रमण’च्या पुढे एक ‘ग’ जास्तीचा घुसला की वाचन होते ‘रमण गगव तबघ तबस त’. तिथून पुढचे वाक्यच वाया जाते, आणि प्रथिनही. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच मूल आजारी पडते. म्हणून कोणत्या कुटुंबात हा दोष आहे हे रक्ताच्या साध्या तपासणीने सांगता येते. एक आजार, एक जनुक, एक अक्षर. हंटिंग्टनचा आजारही असाच एका जनुकाचा. त्याचे जनुक १९९३ मध्ये सापडले. अशा आजारांसाठी डीप लर्निंगची गरज नव्हती. डॉक्टरांची नजर, कुटुंबांची वंशावळ आणि प्रयोगशाळेतले कष्ट पुरेसे होते.

स्किझोफ्रेनिया, ऑटिझम, द्विध्रुवी विकार, उतारवयातला अल्झायमर आणि अपस्माराचे बहुसंख्य प्रकार या जातीचे नाहीत. स्किझोफ्रेनियाचेच पाहा. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तो असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जाते. एरवी ती शंभरात एक किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तरीही ‘स्किझोफ्रेनियाचे जनुक’ कोणाला सापडले नाही, कारण तसे एक जनुक नाहीच. हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी माणसे घ्यायची, दोघांच्या जनुकसंचातल्या लाखो जागा ताडून पाहायच्या आणि रुग्णांत कोणते अक्षर किंचित जास्त वेळा येते ते मोजायचे, अशी पद्धत पुढे आली. तिला जनुकसंच-सहसंबंध अभ्यास म्हणतात. सायकिअॅट्रिक जीनोमिक्स कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय गटाने २०१४ मध्ये ३६,९८९ रुग्णांच्या अभ्यासातून १०८ जागा दाखवल्या. २०२२ मध्ये रुग्णांची संख्या ७६,७५५ आणि निरोगी माणसांची २,४३,६४९ झाली, तेव्हा जागा २८७ वर गेल्या. प्रत्येक जागेचा एकट्याने होणारा परिणाम मात्र अगदी थोडा, बहुधा काही टक्क्यांचा.

या यादीत दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे शेजारशेजारची अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र पुढे जातात. एखादे अक्षर रुग्णांत जास्त दिसते ते स्वतः दोषी असल्यामुळे, की दोषी अक्षराच्या शेजारी राहते म्हणून, हे नुसत्या मोजणीतून कळत नाही. वाड्यातल्या एका बिऱ्हाडाने काही केले आणि बाहेरून फक्त वाड्याचा पत्ता कळला, तशी ही अवस्था. दुसरी अडचण अधिक खोल आहे. या जागा बहुतांशी जनुकांच्या बाहेर आहेत. तिथे तीन-तीन अक्षरांचे वाचन चालत नाही. तिथली लिपी वेगळी आहे.

ती लिपी नियंत्रणाची आहे. मेंदूतली चेतापेशी आणि यकृतातली पेशी, दोघींकडे जनुकसंच तोच असतो. तरी एक विजेचे संदेश पाठवते आणि दुसरी रक्तातली साखर सांभाळते, कारण दोघींत वेगवेगळी जनुके चालू असतात. कोणते जनुक कुठे, केव्हा आणि किती चालावे हे जनुकांच्या आसपासचे, कधीकधी लाखो अक्षरे दूर असलेले छोटे तुकडे ठरवतात. त्यांना एन्हान्सर म्हणतात. ठरावीक प्रथिने तिथली ठरावीक अक्षररचना ओळखून येऊन बसतात आणि जनुकाची कळ दाबतात.

अल्झायमरमध्ये हे फार स्पष्ट दिसले. उतारवयातल्या अल्झायमरशी सर्वांत घट्ट नाते एपीओई या जनुकाच्या ई४ प्रकाराचे. ते १९९३ पासून माहीत आहे. त्याच्या पाठोपाठ ठळक जागा आहे ती बिन१ या जनुकाजवळची. बिन१ चेतापेशींतही चालू असते, इतर पेशींतही. मग धोका वाढवणारा बदल नेमका कोणत्या पेशीत काम करतो? सान डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने २०१९ मध्ये याचे उत्तर कापूनच दाखवले. ज्या एन्हान्सरमध्ये हा बदल येतो तो तुकडा त्यांनी मूळपेशींतून काढून टाकला आणि त्या पेशींपासून मेंदूतल्या वेगवेगळ्या पेशी वाढवल्या. चेतापेशींत बिन१ पूर्वीसारखेच चालू राहिले. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतली साफसफाई आणि संरक्षण करणाऱ्या पेशी, त्यांत मात्र ते जवळजवळ बंद पडले. स्मृती चेतापेशींची, पण आनुवंशिक धोक्याचा हा धागा त्यांच्या राखणदारांपाशी जाऊन पोहोचला. असा एक प्रयोग करायला महिने, कधी वर्षे लागतात. एकट्या स्किझोफ्रेनियाच्या २८७ जागा आणि प्रत्येक जागेत डझनावारी संशयित अक्षरे एवढा पसारा हाताने तपासणे अशक्य आहे. संशयितांची यादी आधी आखडायला हवी. डीप लर्निंगचा प्रवेश होतो तो इथे.

या तंत्राची वंशावळ मेंदूपासूनच सुरू होते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल यांनी १९५९ पासून मांजरांच्या दृष्टिकेंद्रावर केलेल्या प्रयोगांत दिसले की काही चेतापेशी फक्त ठरावीक तिरकस रेषेलाच प्रतिसाद देतात, आणि त्यांच्या पुढच्या पेशी अशा साध्या प्रतिसादांची बेरीज करून अधिक गुंतागुंतीचे आकार ओळखतात. या कामाला १९८१ चे नोबेल मिळाले. जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये याच कल्पनेवर संगणकी रचना उभारली आणि यान लकून यांनी १९८९ मध्ये तशा जाळ्याला हाताने लिहिलेले अंक ओळखायला शिकवले. २०१२ मध्ये छायाचित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत या पद्धतीने बाकी सगळ्यांना मागे टाकले. २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळाले ते याच विद्येच्या पायाभूत कामासाठी. मेंदूच्या अभ्यासातून निघालेली कल्पना फिरून मेंदूच्या आजारांच्या अभ्यासाला उपयोगी पडावी, ही विज्ञानाच्या इतिहासातली मोठी समाधानाची गोष्ट आहे.

जनुकांच्या अक्षरांना हे यंत्र कसे वाचते? अक्षरांचे आधी आकडे करावे लागतात. ए म्हणजे १, ०, ०, ०. सी म्हणजे ०, १, ०, ०. जी म्हणजे ०, ०, १, ०. टी म्हणजे ०, ०, ०, १. हजार अक्षरांचा तुकडा घेतला की चार ओळी आणि हजार रकान्यांचा तक्ता तयार होतो. या तक्त्यावरून काही रकान्यांच्या रुंदीची एक खिडकी डावीकडून उजवीकडे सरकत जाते आणि प्रत्येक थांब्याला एक गुण देते. अशा शेकडो खिडक्या पहिल्या थरात असतात. पुढचा थर त्यांच्या गुणांवर खिडक्या सरकवतो, त्याच्या पुढचा त्या थरावर. सुरुवातीला सगळे गुण बेतालच असतात. खरे उत्तर आणि यंत्राचे उत्तर यांतला फरक मोजून, तो हिशेब शेवटच्या थरापासून पहिल्या थरापर्यंत मागे नेत, प्रत्येक खिडकीतले आकडे किंचित बदलले जातात. लाखो वेळा असे झाले की पहिल्या थरातल्या खिडक्या ठरावीक अक्षररचना ओळखू लागतात. यंत्राला न सांगता त्याने शोधलेल्या यांतल्या अनेक रचना जीवशास्त्रज्ञांनी पूर्वी प्रयोगशाळेत शोधलेल्याच निघाल्या.

एक रचना जवळून पाहण्यासारखी आहे : सी-टी-ए-ए-ए-ए-ए-टी-ए-जी. या दहा अक्षरांवर एमईएफ२ कुळातली प्रथिने येऊन बसतात. त्यांतल्या एमईएफ२सी या प्रथिनाचे जनुक निकामी झाले तर मुलांत बौद्धिक अक्षमता आणि अपस्मार दिसतो, इतके ते मेंदूच्या घडणीत महत्त्वाचे आहे. आता असे समजा, की एखाद्या मुलाच्या जनुकसंचात या रचनेतल्या सुरुवातीच्या टीच्या जागी जी आला आहे. यंत्राला मूळ तुकडा दाखवायचा, मग बदललेला तुकडा दाखवायचा आणि दोन्ही वेळच्या उत्तरांची वजाबाकी करायची. एमईएफ२ बसण्याची शक्यता धाडकन खाली आली, तर तो बदल संशयास्पद. तोच बदल वीस अक्षरे पलीकडे झाला आणि यंत्राचे उत्तर हलले नाही, तर तो बहुधा निरुपद्रवी. हजार अक्षरांच्या तुकड्यात प्रत्येक जागी उरलेली तीन अक्षरे घालून पाहिली तर ३,००० बदल होतात. ते सगळे संगणक काही क्षणांत तपासतो. प्रयोगशाळेत एवढ्याच कामाला एक पूर्ण प्रकल्प लागेल.

अशा वाचनाचा भक्कम पाया प्रिन्स्टन विद्यापीठातील जियान झोऊ आणि ओल्गा ट्रॉयन्स्काया यांनी २०१५ मध्ये डीपसी या प्रणालीने घातला. हजार अक्षरे दिली की मधल्या भागात कोणती प्रथिने बसतील, डीएनएचा गुंडाळा तिथे सैल असेल की घट्ट, अशा ९१९ गोष्टींचा अंदाज ती करते. शिकण्यासाठी जुन्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांतल्या मोजण्या वापरल्या होत्या. आठवे आणि नववे गुणसूत्र परीक्षेसाठी बाजूला ठेवले होते. ते यंत्राला शिकताना दाखवलेच नाही. या प्रणालीला आजाराबद्दल काहीही सांगितलेले नव्हते, हे विशेष. रुग्ण कोण आणि निरोगी कोण हे तिला माहीत नव्हते. म्हणून तिने ‘संशयास्पद’ ठरवलेले बदल पुढे रुग्णांत जास्त आढळले, तर तो स्वतंत्र पुरावा ठरतो. या पद्धतीचे खरे बळ यात आहे.

ते बळ ऑटिझमच्या अभ्यासात दिसले. प्रत्येक मूल जन्माला येताना सुमारे ७० अक्षरबदल असे घेऊन येते जे आईकडेही नसतात आणि वडिलांकडेही नसतात. ते नव्याने घडलेले असतात. वडिलांचे वय जास्त असेल तर त्यांची संख्या थोडी जास्त असते, दर वर्षामागे साधारण एक-दोन. जनुकांच्या आत पडलेल्या अशा बदलांनी ऑटिझमची अनेक जनुके दाखवून दिली. २०२० मधल्या एका मोठ्या अभ्यासाने १०२ जनुकांची यादी दिली. पण नवे बदल पडतात ते बहुतांशी जनुकांच्या बाहेर. त्यांचे काय?

अमेरिकेतल्या सायमन्स फाउंडेशनने यासाठी अनमोल संग्रह उभा केला आहे. ज्या घरात एकाच मुलाला ऑटिझम आहे अशी कुटुंबे त्यात आहेत : आई, वडील, ऑटिझम असलेले मूल आणि, जिथे आहे तिथे, ऑटिझम नसलेले त्याचे भावंड. भावंड ही येथे सर्वांत मोलाची तुलना. आईवडील तेच, घर तेच, समाज तोच. फरक फक्त कोणाच्या वाट्याला कोणते नवे बदल आले याचा. २०१८ मध्ये ५१९ कुटुंबांच्या संपूर्ण जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बदलांचे हजारो प्रकार पाडून प्रत्येकाची मोजणी केली, पण एकाही प्रकारात रुग्ण मुले आणि भावंडे यांत ठाम फरक निघाला नाही. त्याच वर्षी १,९०२ कुटुंबांच्या अभ्यासात ५५,००० हून अधिक प्रकार तपासले गेले. काही इशारे मिळाले, विशेषतः जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागात, पण सुटा कोणताही प्रकार कसोटीला उतरला नाही. इतक्या वेळा फासे टाकले की एखादे दान योगायोगानेही पडतेच. म्हणून संख्याशास्त्र अशा वेळी पुराव्याची अट फार कडक करते आणि खरा पण बारीक परिणाम त्या अटीखाली दबून जातो.

२०१९ मध्ये झोऊ, ट्रॉयन्स्काया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच संग्रहातली १,७९० कुटुंबे घेतली आणि प्रश्नच बदलला. बदल किती आहेत हे त्यांनी मोजले नाही. बदल किती घातक आहेत हे विचारले. प्रत्येक नव्या बदलाला डीप लर्निंगने एकच गुण दिला : हा बदल नियंत्रणात किती बिघाड करेल? हजारो प्रकारांच्या जागी एक मोजपट्टी आली. उत्तर स्पष्ट निघाले. बदलांची संख्या दोन्ही मुलांत जवळपास सारखीच, पण ऑटिझम असलेल्या मुलांचे बदल सरासरीने अधिक घातक. डीएनएच्या पातळीवर हे दिसले, आणि डीएनएची नक्कल असलेल्या आरएनएच्या पातळीवरही. ज्या जनुकांजवळ हे बदल साठले होते ती चेतापेशींच्या जोडण्या आणि मेंदूची वाढ यांच्याशी संबंधित निघाली. मग काही बदल प्रयोगशाळेत नेले. काजव्याच्या प्रकाशाचे जनुक त्या नियंत्रक तुकड्यांना जोडून मानवी चेतापेशींच्या जातीच्या पेशींत घातले, आणि मूळ तुकडा जास्त प्रकाश देतो की बदललेला, हे मोजले. सक्रिय निघालेल्या तुकड्यांपैकी बहुतेकांत यंत्राने वर्तवलेला फरक खरोखर दिसला.

या निष्कर्षाचा अर्थ जपून घ्यायला हवा. फरक हजारो मुलांच्या सरासरीतला आहे. एखाद्या मुलाचा जनुकसंच यंत्राला देऊन ‘याला ऑटिझम आहे का’ असे विचारता येत नाही आणि त्या अभ्यासाने तसा दावाही केलेला नाही. त्याने दाखवले ते इतकेच, पण फार मोलाचे : जनुकांच्या बाहेरचा मजकूर ऑटिझममध्ये सहभागी आहे आणि तो वाचता येतो.

नियंत्रणाच्या खालोखाल दुसरी लिपी आहे ती कापाकापीची. जनुकाची आरएनए नक्कल निघाली की तिच्यातले मधले इंट्रॉन नावाचे तुकडे कापून टाकले जातात आणि एक्झॉन नावाचे कामाचे तुकडे सांधले जातात. या प्रक्रियेला स्प्लायसिंग म्हणतात. मेंदूत ती इतर अवयवांपेक्षा जास्त गुंतागुंतीची असते. टोरांटोच्या ब्रेंडन फ्राय यांच्या गटाने २०१५ मध्ये स्प्लायसिंगचे भाकीत करणारी प्रणाली मांडली आणि ती पाठीच्या कण्याशी संबंधित स्नायुक्षय व ऑटिझम यांना लावून दाखवली. २०१९ मध्ये आलेली स्प्लायसएआय ही प्रणाली ३२ थरांची. ती १०,००० अक्षरांचा संदर्भ पाहून प्रत्येक जागी ‘इथे कापले जाईल का’ याचे उत्तर देते. दुर्मिळ आनुवंशिक आजारांत आजाराला कारण होणाऱ्या बदलांपैकी ९ ते ११ टक्के बदल हे स्प्लायसिंगचे असे छुपे बिघाड असावेत, असा अंदाज तिच्या निर्मात्यांनी काढला. नेहमीच्या तपासणीत ते नजरेतून सुटतात. आज अनेक देशांतल्या जनुकीय प्रयोगशाळांत रुग्णाचा अहवाल तयार करताना तिचा गुण पाहिला जातो. या सगळ्या तंत्रांत दवाखान्यापर्यंत सर्वांत सहज पोहोचलेले हेच.

अशा छुप्या बिघाडांचे महत्त्व ड्राव्हे सिंड्रोममध्ये कळते. बाळपणी ताप आल्यावर सुरू होणारा आणि औषधांना न जुमानणारा हा अपस्मार. बहुतेक रुग्णांत एससीएन१ए या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते. या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये एक विषारी म्हणावा असा एक्झॉन दडलेला आहे. तो नकलेत शिरला की ती नक्कल नष्ट केली जाते. २०१८ मध्ये दिसून आले की काही रुग्णांत इंट्रॉनच्या खोल भागातला अक्षरबदल या विषारी तुकड्याला आत ओढतो. फक्त एक्झॉनमधली अक्षरे तपासणाऱ्या चाचणीत अशा मुलांचा अहवाल ‘दोष आढळला नाही’ असा येतो. हा शोध डीप लर्निंगने लावलेला नाही, तो प्रयोगशाळेचा आहे. पण असे खोलातले बदल संपूर्ण जनुकसंचातून आपण होऊन वर काढणे हेच या प्रणालींचे काम. आणि बिघाडाची जागा नेमकी कळली की उपचाराची वाट दिसते : निरोगी प्रतीतला विषारी एक्झॉन झाकून तिचे उत्पादन वाढवणारे झोरेव्हुनर्सेन हे औषध मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले आहे.

यंत्रांचा आवाका त्यानंतर झपाट्याने वाढला. डीपसी हजार अक्षरे पाहत असे. २०२१ मधली डीपमाइंड या कंपनीची एन्फॉर्मर प्रणाली जवळजवळ दोन लाख अक्षरे एका दमात पाहते, त्यामुळे दूरचे एन्हान्सरही तिच्या नजरेत येतात. २०२५ मध्ये जाहीर झालेली अल्फाजीनोम दहा लाख अक्षरे घेते. प्रथिनांच्या बाजूने २०२३ मध्ये अल्फामिसेन्स आली. प्रथिनातला एक घटक बदलणाऱ्या ७.१ कोटी संभाव्य अक्षरबदलांपैकी ८९ टक्क्यांना तिने घातक किंवा निरुपद्रवी असे वर्गीकरण दिले.

एक निराळी दिशा सायकएन्कोड या अमेरिकी प्रकल्पाने २०१८ मध्ये घेतली. १,८६६ माणसांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूच्या ऊतींवर आधारलेल्या त्या अभ्यासात, अक्षरबदल आणि आजार यांच्या मध्ये नियंत्रणाचा आणि जनुकांच्या हालचालीचा थर असलेले जाळे बांधले गेले. अक्षरबदलांची नुसती बेरीज करणाऱ्या गुणांपेक्षा या जाळ्याचे भाकीत सुमारे सहापट सुधारले. तरीही ते रोगनिदानाला पुरेसे नव्हतेच. त्याची किंमत वेगळी आहे : मधला थर माहीत असल्याने कोणत्या प्रकारच्या पेशींमार्फत धोका आजारापर्यंत पोहोचतो हे विचारता येते.

आता चुकांकडे. २०२३ मध्ये नेचर जेनेटिक्स या नियतकालिकात एकाच वेळी दोन शोधनिबंध आले आणि त्यांनी या क्षेत्राला जागे केले. प्रश्न साधा होता. दोन माणसांचे जनुकसंच दिले, तर एखादे जनुक कोणात जास्त चालते हे एन्फॉर्मरसारखी प्रणाली सांगू शकते का? एका गटाने शेकडो माणसांच्या मेंदूच्या ऊतींतल्या प्रत्यक्ष मोजण्यांशी तिची उत्तरे ताडून पाहिली. डीडीएक्स११ या जनुकाबाबत अंदाज उत्तम जुळला. जीएसटीएम३ बाबत तो नेमका उलटा निघाला : ज्यांच्यात जनुक जास्त चालत होते त्यांच्यात यंत्र कमी सांगत होते. पुष्कळ जनुकांबाबत हीच गत. बदलाचा परिणाम आहे हे यंत्राला कळे, पण तो वाढवणारा की घटवणारा हे कळेना. औषधाच्या दृष्टीने ही चूक साधी नाही. जे जनुक दाबायला हवे ते वाढवले तर रुग्णाचे नुकसानच होईल.

कारण शिकवण्यातच होते. ही यंत्रे शिकली ती एकाच संदर्भ जनुकसंचावरून. एका जनुकाचा परिसर दुसऱ्यापेक्षा कसा वेगळा हे त्यांना उत्तम कळते, पण एका माणसातला परिसर दुसऱ्या माणसापेक्षा कसा वेगळा याची उदाहरणे त्यांनी पाहिलेलीच नसतात. मेंदूच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. ऑटिझमची अनेक जनुके गर्भावस्थेच्या मध्यावर, मेंदूची साल घडत असताना, सर्वांत जास्त कामात असतात. त्या वेळच्या ऊती मिळवणे अवघड, आणि मिळाल्या तरी फार थोड्या. प्रौढ मेंदूच्या मोजण्यांवर शिकलेले यंत्र गर्भातल्या घडामोडींबद्दल बोलते तेव्हा ते ऐकीव बोलते.

म्हणूनच अक्षरबदलांवरून काढलेल्या धोक्याच्या गुणांचा वापर भ्रूण निवडण्यासाठी करू देणे चूक आहे. परदेशांत काही कंपन्या बुद्धिमत्ता किंवा मानसिक आजाराचा अनेकजनुकी धोका, म्हणजे अनेक अक्षरबदलांची बेरीज करून काढलेला धोका, मोजून भ्रूणांची क्रमवारी लावून देतात. हजारोंच्या सरासरीतला फरक एका भ्रूणावर लादणे हे शास्त्र नव्हे. ज्या समाजाने गर्भलिंगनिदानाचे परिणाम पाहिले आणि १९९४ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, त्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

शेवटचा प्रश्न कोणाचा मजकूर वाचला गेला हा. २०१९ मधल्या एका आढाव्यानुसार जनुकसंच-सहसंबंध अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के माणसे युरोपीय वंशाची होती. जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा १६ टक्के. त्यांच्यावर बेतलेले धोक्याचे गुण इतरांना लावले की अचूकता घसरते. एपीओई ई४ चा धोकाही सर्व वंशांत सारखा नाही. भारतात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. शतकानुशतके जातीच्या आतच लग्ने झाल्याने इथे हजारो छोटे गट तयार झाले. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ गटांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ८१ गटांत मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा फिन्निश लोक किंवा अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही ठळक निघाल्या. अग्रवाल कुटुंबांतला तो जादा सी याच इतिहासाची खूण. अशी आणखी किती अक्षरे, जनुकांच्या आत आणि बाहेर, कुठल्या समाजात दडलेली आहेत हे युरोपच्या माहितीवर शिकलेले यंत्र सांगू शकणार नाही.

जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या जीनोमइंडिया प्रकल्पाने ही उणीव भरायला सुरुवात केली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राच्या पुढाकाराने देशातल्या २० संस्थांनी ८३ समाजगटांतल्या ९,७७२ माणसांचे संपूर्ण जनुकसंच वाचले. त्याचा पहिला अहवाल २०२५ मध्ये आला. ही माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवलेली आहे. पण अक्षरे वाचणे हे अर्धे काम. त्या अक्षरांचा मेंदूत काय परिणाम होतो हे यंत्राला शिकवायला मेंदूच्या पेशींतल्या मोजण्या लागतात, आणि त्या भारतीय मेंदूंच्या फारच थोड्या आहेत. सायकएन्कोडचा पाया ज्यांनी मृत्यूनंतर मेंदू देऊन घातला ते बहुतांशी अमेरिकी नागरिक होते. भारतात मेंदूऊतींची पेढी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून आहे. नेत्रदान आणि देहदान महाराष्ट्रात रुजले आहे, तसेच मेंदूदानही रुजायला हवे. आजारी आणि निरोगी, दोन्ही मेंदूंची तिथे सारखीच गरज आहे.